घुम्याचे सात डाव

प्रिय कासवा,

हातात चहा असेल तर आधी खाली ठेव. माझा परवा सांडला, आणि तोही स्कोअररच्या वहीवर. बिचाऱ्याची तीन षटकं वाहून गेली. तो मला बरंच काही बोलला म्हणतात, पण मला ऐकू आलं नाही. शेजारच्या माणसाचं बोलणं माझ्या कानांतून निसटलं असं तू मला ओळखतोस त्या चाळीस वर्षांत एकदाही झालं नसेल. परवा झालं, कारण त्याच क्षणी घुम्यानं पहिला चेंडू खेळला आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. नुसता रोखलेला चेंडू रे. धाव नाही, टाळी नाही, समोरच्या बाकावरचा एकजण तर जांभई देत होता. पण बॅटीचा तसा आवाज मी दहा महिन्यांत ऐकला नव्हता.

तुम्ही पाचही निवडकर्ते परवा दुसऱ्या मैदानावर होतात, म्हणून सविस्तर सांगतो. एकशे त्रेचाळीस केल्या त्यानं. आकडा तुझ्यापर्यंत पोचलाच असेल, पण आकड्याला आवाज नसतो. समोर गोलंदाज कोण, तर तो उंच डावखुरा, ज्याला सगळे शिडी म्हणतात. यंदा त्यानं घुम्याला दोनदा घरी पाठवलंय, त्यामुळे तीन स्लिप लावून, हात चोळतच आला. पहिला तासभर घुम्यानं त्याला काही दिलं नाही. बाहेरचे सोडले, आतले अंगाजवळ मऊ हातानं खाली दाबले. मग एक चेंडू जरासा पुढे पडला. दाराची कडी नेमकी कोयंड्यात बसते तेव्हा येतो ना, तसा आवाज आला. एकच, मागेपुढे काही नाही. मिडऑफवाला वळला तेव्हा चेंडू दोरीपलीकडच्या पोरांच्या हातात होता. पुढच्या षटकात शिडीनं आपटून छातीवर टाकला, तर हा गडी मागच्या पायावर उभा राहून वाट बघतोय. वाट बघतोय, कळतंय ना तुला? वेळ आहे त्याच्याकडे. शेवटच्या क्षणी मनगट फिरलं आणि चेंडू स्क्वेअर लेगला. माझ्या मागं दोन म्हातारे बसले होते. एक म्हणाला, आज याला झालंय तरी काय? दुसरा शेंगदाणे चघळत म्हणाला, आज काही नाही झालेलं, आधी झालं होतं. त्या माणसाला तुमच्या समितीत घ्या.

आता तू कपाळाला आठ्या घातल्या असशील. घाल. कारखान्याच्या संघातून आपण सलामीला जायचो, तुला दहा धावांना दुपार लागायची म्हणून तू कासव आणि या कानांपायी मी ससा, तेव्हापासून तुझ्या आठ्या मला पाठ आहेत. तू निवड समितीत गेलास त्या दिवशी आपण माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून ठरवलं होतं, की तू मला बॅटीबद्दल विचारायचं नाही आणि मी तुला खेळाडूंबद्दल सांगायचं नाही. अर्धा देश माझ्या बॅटीनं खेळतो. मी कुणाचं नाव घेतलं की लोक म्हणणार, बॅटवाला आपला माल पुढे सरकवतोय. अकरा वर्षं पाळलं. भेटलो की तुझे गुडघे, माझी साखर, तुझ्या नातीचे दात, याच्यापलीकडे गेलो नाही. आज ते मोडतोय. येत्या सोमवारी तुम्ही दौऱ्यासाठी पंधराजण निवडणार. चौदा नावं तर पानवालासुद्धा सांगेल. उरली फलंदाजाची एक जागा, आणि तिच्यासाठीच्या तीन नावांत घुम्या तिसरा आहे. तिसरा का, तेही मला माहीत आहे.

चिडू नकोस, कुणी फोडलं नाही. मागच्या महिन्यात मैदानावर तुमचा चहाचा तंबू होता, त्याच्या कनातीमागे मी एका पोराच्या हँडलला दोरा गुंडाळत बसलो होतो. कापडाला कान नसतात, पण कापडामागे असू शकतात. तुमचे ते चष्मेवाले म्हणाले, पोरगा सरळ आहे, पण वेगापुढे उशीर होतो. सात डावांत पाचदा वेगवान गोलंदाजाला बाद, दोनदा पायचीत, तीनदा स्लिपमध्ये. इथे चालून जाईल, बाहेर उघडा पडेल. आणि कासवा, तुझा चमचा बशीवर दोनदा वाजला, आणि मनाविरुद्ध कबूल करायचं असलं की तू चमचा वाजवतोस. तुझी चूक नव्हती. ते सात डाव मीही कुठे ना कुठे पाहिले, ऐकले. आठ, शून्य, चौदा, एकसष्ट, तीन, अकरा, पाच. आवाज बोदा यायचा, फुटक्या माठावर टिचकी मारल्यासारखा. मी स्वतःशी म्हणालो, पोराचा हात गेला. घरी येऊन तुझ्या वहिनीला सांगितलं, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, त्याचा हात गेला की तुमचे कान गेले, ते आधी बघा. मी हसलो. तिचं बोलणं पहिल्यांदा हसण्यावारी नेण्याची माझी जुनी खोड, आणि ती दर वेळी महागात पडते.

घुम्या तुला मैदानापुरता ठाऊक. माझ्याकडे तो पंधराव्या वर्षी आला, आत्याचा हात धरून नाही, आत्याच्या मागं लपून. आत्या इस्पितळात परिचारिका, त्याला तिनंच वाढवलं. दारातच मला म्हणाली, भाऊ, हा बोलत नाही, याच्या वाटचं मी बोलते, आणि माझ्या वाटचंही मीच बोलते, तेव्हा तुम्हाला फारसं बोलावं लागायचं नाही. आणि खरोखरच लागलं नाही. तासभर ती त्याच्या शाळेपासून तिच्या वॉर्डातल्या डॉक्टरपर्यंत सगळं सांगत होती, आणि इकडे हा बावीस बॅटी एकेक करून उचलत होता. नुसतं वरच्या हातानं उचलायची, दोनदा झुलवायची, खाली ठेवायची. शेवटी एका मोठ्या खेळाडूसाठी मी बाजूला काढलेली होती तीच घेऊन उभा राहिला. विचारलं, हीच का? तर म्हणाला, हं. मी दिली. मोठ्या खेळाडूला काय, सांगितलं लाकडात गाठ निघाली. तेव्हापासून सहा वर्षं त्याची प्रत्येक बॅट माझ्या हातची, आणि त्या सहा वर्षांत त्याच्या तोंडून ऐकलेले शब्द एका पोस्टकार्डावर मावतील.

नियम मोडायचाच तर नीट मोडतो, आणि तुला खरं मूल्यमापन देतो, भिडेखातर गोडगोड नाही. पोरात उणिवा आहेत. पहिली म्हणजे धाव घेताना हाक मारत नाही. यंदा दोन जोडीदारांना धावचीत करून आलाय, त्यातला एक अजून त्याच्याशी बोलत नाही, अर्थात घुम्याच्या ते लक्षात यायला वर्ष जाईल. दुसरी, पन्नास झाल्यावर लेगस्पिनरला एक चेंडू उगाच वर मारतो, का ते देव जाणे. परवाही मारला, मिडविकेटवाल्याच्या बोटांना लागून पडला. तिसरी, सीमारेषेवर उभा केलात तर ठीक, पण स्लिपमध्ये नको. आता जमेची बाजू. डोकं हलत नाही. चेंडू सुटल्यावर पहिली हालचाल इतकी छोटी, की गोलंदाजाला कळत नाही हा पुढे येणार की मागे जाणार. उसळत्या खेळपट्ट्यांवर हेच लागतं. आणि मारलेल्या फटक्याची आठवण तो जवळ ठेवत नाही. चौकार मारून पुढच्या चेंडूला असा उभा राहतो, जणू आत्ताच आलाय. मी चाळीस वर्षांत शेकडो फलंदाजांच्या हातात बॅट दिली, त्यातले देशाकडून खेळले ते नऊ. घुम्या त्या नवांत कुठे बसतो म्हणून विचारशील, तर वरून तिसरा. परवाच्या डावावरून नाही म्हणत. त्या सात डावांवरून म्हणतोय. ते का, ते आता ऐक.

परवा सकाळी नेटमध्ये त्याच्या बॅटीचं हँडल करकरलं. सांध्यातून सुटलं होतं, दुरुस्तीला दोन दिवस तरी हवेत. दुसरी बॅट संघाच्या सामानात मागच्या गाडीत, आणि गाडी वाटेत बंद पडलेली. नाणेफेक झालेली, हा चौथ्या क्रमांकावर, आणि दोन गडी पहिल्या सहा षटकांत घरी. मी हत्यारांची पेटी घेऊन तिथंच होतो. पेटीखाली गोणपाटात त्याचीच दोन वर्षांपूर्वीची बॅट होती, कडेला चीर गेलेली. मी ती बुजवून, दोरा गुंडाळून, आत्याला परत द्यायला आणली होती. आठवण म्हणून ती भिंतीला लावणार होती. दिली त्याच्या हातात. त्यानं वरच्या हातानं उचलली, दोनदा झुलवली, आणि माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं आता हा काहीतरी बोलणार. पण तसाच गेला. पुढचं एकशे त्रेचाळीस तुला सांगितलंच.

त्या पहिल्या चेंडूचा आवाज ऐकून मी उभा राहिलो तो आनंदानं, पण बसलो तो हिशेब करत. हात तोच, डोळा तोच, शिडी तोच. बदलली होती फक्त बॅट. दिवसभर टाळ्या वाजवल्या आणि दिवसभर ही एकच गोष्ट मनात घोळवत राहिलो. काल सकाळी दुकान उघडताच दोन्ही बॅटी काट्यावर ठेवल्या. जुनी अकराशे नव्वद ग्रॅम, नवी अकराशे नव्वद. जीव भांड्यात पडला. आमचे मिस्त्री तुला आठवतात, पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर आहेत. ते काट्याकडे बघेनात. त्यांनी पट्टीची कड उभी धरली आणि दोन्ही बॅटी तिच्यावर आडव्या तोलून धरल्या. नवीचा तोल दीड बोट खाली. वजन तेवढंच, पण सगळं पायाशी. मी ओरडलो, हे कुणी केलं? मिस्त्रींनी चष्मा काढून पुसला आणि शांतपणे म्हणाले, मालक, तुम्हीच म्हणालात, पोराला झटपट सामन्यांतही घेतलं पाहिजे, षटकार लागले पाहिजेत, खाली लाकूड राहू दे.

म्हणालो होतो. शब्द न् शब्द आठवला. पूर्वी ओळखीच्या खेळाडूची प्रत्येक बॅट मी वरच्या एका हातानं उचलून बघायचो, वीस-वीस वेळा, आणि मनगटानं हो म्हटल्याशिवाय दुकानाबाहेर सोडायचो नाही. मागच्या वर्षी हा चकचकीत काटा आला, ग्रॅमही चुकत नाही, मागणी वाढली, आणि मी उचलणं सोडलं. काटा बरोबर सांगत होता रे. मी त्याला चुकीचा प्रश्न विचारत होतो. बॅट खाली येताना जड, म्हणून हा निमिषभर मागे. चेंडू पॅडवर, नाहीतर कडेला लागून स्लिपमध्ये. आणि लागलाच तर बॅटीच्या गाभ्याच्या चार बोटं वर, म्हणून तो बोदा आवाज. तो आवाज कानांनी मला दहा महिने इमानानं सांगितला. मीच मानायला तयार नव्हतो, कारण माझ्या हातची बॅट बेसूर वाजेल हे माझ्या डोक्यात शिरणारच नव्हतं.

आता परत त्या सात डावांकडे बघ. त्यातल्या एकसष्ट धावा शिडीच्याच संघासमोर आहेत. अशी बॅट हातात असताना. कशा केल्या असतील, ते मी काल त्याला बोलावून विचारलं. तो आला, दोन्ही बॅटींकडे बघितलं आणि त्याला समजलं. म्हटलं, गाढवा, तुला जड लागत होती तर बोलला का नाहीस? रंध्याच्या ढलप्यांवर बुटाचं टोक फिरवत राहिला. मग म्हणाला, तुम्ही बनवलेली होती ना, काका. म्हणजे बॅट चुकूच शकत नाही, चुकत असणार तो. दहा महिने हा पोरगा रोज सकाळी पाण्याच्या भरलेल्या बादल्या उचलून मनगटं कमावत होता. बॅट आधीच वर उचलायला शिकला, उभं राहणं बदललं, पायांतलं अंतर बदललं. चुकीच्या बॅटीला पुरा पडेल असा खेळाडू त्यानं स्वतःला घडवायला घेतला होता, आणि एका डावात तेही साधलं. आता त्या मनगटांत योग्य बॅट दिली, तर काय होतं ते परवा शिडीनं बघितलं. म्हणून म्हणतो, वरून तिसरा. हे कळण्याआधी विचारलं असतंस तर पाचवा म्हटलं असतं.

त्याच्यासाठी नवी बॅट कालच घडवायला घेतली. या वेळी त्याला समोर स्टुलावर बसवलंय. रंध्याचे दोन हात मारतो आणि त्याच्या हातात देतो. तो झुलवतो, मान हलवतो, मी पुन्हा रंधा मारतो. हं आल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरलंय. आत्या सकाळची पाळी संपवून आली आणि दारातून म्हणाली, भाऊ, सहा वर्षांपूर्वी मीच बोलले ते चुकलं, याला बोलायला लावायला हवं होतं. मिस्त्री तोंड फिरवून हसत होते. संध्याकाळपर्यंत अठरा वेळा नाही आणि एकदा बहुतेक, इथवर आलोय.

आता हे पत्र का लिहिलं ते. मी शिफारस करत नाहीये, आपला शब्द त्या अर्थानं अजून शाबूत आहे. काल निघताना घुम्या पायरीवर थांबला आणि म्हणाला, काका, हे कुणाला सांगू नका, दुकानाचं नाव जाईल, मी पुढच्या वर्षी पुन्हा धावा करीन. त्याच्या तोंडून ऐकलेलं आजवरचं सगळ्यात लांब वाक्य ते, आणि ते त्यानं माझ्यासाठी खर्च केलं. मी हो म्हणालो, त्याला बसमध्ये बसवलं आणि परत येऊन कागद काढला. याच घडणीच्या आणखी अकरा बॅटी गेल्यात, त्या खेळाडूंना आज सकाळी फोन केले. दोघांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि तिसरा तुमचा कर्णधार आहे, तेव्हा ही गोष्ट तशीही झाकून राहणार नाही. पण सोमवारच्या आत ती तुमच्या टेबलावर पोचायला हवी. मिस्त्री हे पत्र घेऊन स्वतः येताहेत, बरोबर दोन्ही बॅटी आहेत. बैठक सुरू होण्याआधी पाचहीजणांना त्या वरच्या हातानं उचलायला लाव, चष्मेवाल्यांना सगळ्यात आधी. मग हे पत्र वाच, मोठ्यानं, दुकानाच्या नावासकट, माझ्या नावासकट, गाळू नकोस काही. त्यानंतर त्याला घ्या नाहीतर आणखी कुणाला घ्या, मी चकार शब्द बोलणार नाही. पण तुमच्या कागदावर ते सात डाव घुम्याच्या नावावर लागलेत. ते तिथून काढा आणि माझ्या नावावर लावा.

तुझाच,
ससा